बायबलातलं तेविसावं स्तोत्र सात दिवसांत: फोन हाताशी ठेवून वचन पाठ करण्याची रीत

गेल्या वर्षी एका घरगुती उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "चला, स्तोत्र तेवीस सगळे मिळून म्हणू या." वीस-बावीस माणसं होती. सगळ्यांच्या माना फोनवर वाकल्या, माझीसुद्धा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपर्यंत एका सुरात गेलो. पुढे कोणी "उणे" म्हणतंय, कोणी "गरज" म्हणतंय, एकाची ओळ लांब, दुसऱ्याची आखूड, आणि एका पोराच्या फोनवर नेमकं तेव्हाच ॲप अपडेट व्हायला लागलं. तिसऱ्या वचनापाशी सगळा गलका झाला. घरच्या आजी तेवढ्या डोळे मिटून म्हणत राहिल्या. शेवटी बाकीच्यांनी फोन खाली ठेवले आणि त्यांच्या मागे मागे म्हटलं.

मी संडे स्कूलमध्ये मुलांकडून सोनेरी वचनं पाठ करून घेतो, आणि त्या दिवशी मलाच पाचवं वचन आठवेना. खिशात अख्खं बायबल आल्यापासून मी पाठ करणं सोडलं होतं. मग पुन्हा पहिल्यापासून बसलो. त्यातून जी रीत जमली ती इथे मांडतोय. तुम्ही नव्याने विश्वासात आला असाल, किंवा लहानपणी बक्षिसासाठी पाठ केलेलं सगळं विसरून गेला असाल, दोघांनाही चालेल.

आधी भाषांतर ठरवा

मराठीत बायबल एकच नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' वाचलं जातं. वसईकडच्या कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' दिसेल. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये बाहेर आलं. आणि फोनवरचं बायबल उघडलंत तर 'मराठी' या एका शब्दाखाली अनेक नावं सापडतील.

तुमच्या मंडळीत रविवारी जे वाचलं जातं तेच घ्या. उपासनेत तो उतारा आला की तुमची उजळणी फुकटात होते, आणि एकत्र म्हणताना आमच्यासारखी फजिती होत नाही. अमुक भाषांतर मूळाला जास्त धरून आहे की तमुक, हा वाद खुशाल घाला, पण पाठ करायचं एकच. दोन मिसळलीत की तुम्ही दर वेळी त्याच शब्दापाशी अडखळणार, कारण जिभेला दोन्ही वाटा माहीत असतात.

ॲपमध्ये वरच्या बाजूला आवृत्तीचं छोटं नाव असतं. रोज पाठ करायला बसताना ते बघून घ्या. चुकून बोट लागून आवृत्ती बदलते आणि आपण तीन दिवस भलतंच घोकत बसतो. मी घोकलंय.

जमलं तर छापील प्रतही जवळ ठेवा. कागदावर वचनाला जागा असते. "डाव्या पानावर, खालून चौथी ओळ" असं आठवतं. फोनवर बोटाने सरकवत गेलो की प्रत्येक ओळ स्क्रीनच्या मधोमधच येते.

सुटं वचन नको, उतारा घ्या

बहुतेक जण योहान ३:१६ (म्हणजे तिसरा अध्याय, सोळावं वचन) पासून सुरुवात करतात. त्यात वाईट काही नाही, पण ते तुम्हाला अर्धंमुर्धं येतच असतं आणि येतं-येतं म्हणत पक्कं कधीच होत नाही. शिवाय सुट्या वचनांची सवय लागली की डोक्यात नुसता वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा तयार होतो. वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ मध्ये ग्रीक नव्या करारात ते घातले. लिहिणाऱ्याने लिहिलं ते सलग.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." फिलिप्पैकरांस पत्र, ४:१३. हे वचन मोटारसायकलवर असतं, परीक्षेच्या पॅडवर असतं, नोकरीच्या मुलाखतीला जाताना आई म्हणते. त्याच्या आधीची दोन वचनं वाचा. पौल बंदिवासातून लिहितोय, आणि पोटभर मिळालं तरी आणि उपाशी राहावं लागलं तरी दोन्हीत राहायला मी शिकलो आहे, असं सांगतोय. जिंकण्याचा तिथे विषयच नाही. ज्याने ११ ते १३ एकत्र पाठ केलं तो हे वचन नापास झाल्यावरही म्हणू शकतो.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तर सैतानच वचन म्हणून दाखवतो. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातली ओळ फेकतो. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत. म्हणजे पाठांतर दोघांचंही पक्कं होतं.

म्हणून पहिला उतारा तेविसावं स्तोत्र. सहाच वचनं आहेत, ओळखीचं आहे, आणि घरात, दवाखान्यात, मातीला, कुठेही उपयोगी पडतं. सहाही जड वाटत असतील तर स्तोत्र ११७ घ्या. दोनच वचनं, बायबलातला सगळ्यात छोटा अध्याय. पण उत्साहाच्या भरात ११९ ला हात घालू नका. तिथे १७६ वचनं आहेत.

शब्द हाताळून बघा

न कळलेला शब्द पाठ होतो, पण पहिला विसरतो तोच. चौथ्या वचनात "तुझी आकडी व तुझी काठी" असं आहे. वर्गात एका मुलीने मला विचारलं, "सर, देवाला आकडी येते?" हसू नका. तिच्या शेजारच्या घरात एका मुलाला खरंच आकडी यायची, आणि तिला तो एकच अर्थ माहीत होता. गावाकडे शेळ्या राखणाऱ्याच्या हातात असते ती आकडी: लांब काठी, टोकाला आकडा, बाभळीची फांदी खाली ओढायला. मेंढपाळाच्या हातात ती मेंढरू ओढून घ्यायलाही कामी येते. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरणारे धनगर तुम्ही रस्त्यावर पाहिले असतील, तर ते वचन पाठ करायला तुम्हाला निम्मा वेळ लागेल.

पाचवं वचन मला आमच्या भाषांतरकारांची कमाल वाटते. देव "ताट वाढतोस", "तेलाचा अभ्यंग करतोस", आणि पात्र "काठोकाठ" भरलेलं. जेवायला बसवणं, डोक्याला तेल घालणं: दिवाळीच्या सकाळचं घर आहे हे, आणि दारात शत्रू उभे आहेत. मुलांना इतकं सांगितलं की तीन चित्रं ओळीने बसतात, ताट, तेल, पात्र. मग शब्द आपोआप मागे येतात.

अजून एक गोष्ट बघा, ती सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या तीन वचनांत देवाला "तो" म्हटलंय. तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. चौथ्यात मृत्युच्छायेची दरी येते आणि अचानक "तू" सुरू होतं: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." अंधार पडला तसा माणूस देवाविषयी बोलायचं थांबून देवाशीच बोलायला लागला. याला मी उताऱ्याचा सांधा म्हणतो. माणसं नेहमी सांध्यावर अडकतात, वचनाच्या पोटात नाही. सांधा कुठे आहे आणि का आहे हे कळलं की अर्धं पाठ झालं. त्या उपासनेत आमचा गलकाही त्याच सांध्याच्या अलीकडे झाला होता.

सात दिवस

रविवारी पहिलं वचन, सोमवारी दुसरं, मंगळवारी तिसरं. चौथं लांब आहे आणि सांधाही तिथेच, म्हणून त्याला बुधवार आणि गुरुवार. शुक्रवारी पाचवं, शनिवारी सहावं. रोज नवं वचन घेण्याआधी मागची सगळी एकदा म्हणायची. दिवसाला दहा-बारा मिनिटं पुरतात, दोन वेळा विभागून: सकाळी नवं, रात्री निजताना उजळणी. अनुवादच्या सहाव्या अध्यायात ही वचनं घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलावीत असं सांगितलंय, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा आपण उचलायच्या.

नवं वचन घेताना काय करायचं? आधी आठ-दहा वेळा मोठ्याने वाचा. मोठ्याने म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. डोळ्यांनी वाचलेलं येतंय असं वाटतं, तोंड उघडलं की येत नाही. मग वहीत फक्त प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर लिहा. पहिल्या वचनाचं असं होईल:

प. मा. में. आ.; म. का. उ. प. ना.

त्या अक्षरांकडे बघून वचन म्हणा. इंग्रजी माध्यमाची मुलं रोमनमध्ये लिहू का विचारतात, नको म्हणतो. आपल्या बाराखडीत नुसत्या "में"मध्ये काना-मात्रेसकट अख्खा आवाज येतो, त्यामुळे आपली अक्षरं जास्त सांगतात. दोन-तीन वेळा जमलं की वही उपडी ठेवा आणि कोऱ्या भिंतीकडे बघून म्हणा. अडलात तर लगेच बघू नका. दहा आकडे मोजा, आठवायचा जोर लावा, मग बघा. तो जोरच वचन आत ढकलतो.

संदर्भ वचनाच्या आधीही म्हणा आणि नंतरही: "स्तोत्रसंहिता तेवीस, एक." हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळे तोच टाळतात. मग वर्षभराने वचन येतं पण कुठलं ते येत नाही.

गळा बरा असेल तर चाल लावा. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची सुरुवातच गाण्याजोग्या शब्दांनी झाली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, मराठी ओव्या पण रोमन लिपीत, आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-अभंगांतून ख्रिस्त गायला. आजही उपासनेत त्यांची पदं लोक पुस्तक न उघडता म्हणतात. स्तोत्राचं भाषांतर गद्यात आहे, पण पोथी वाचतात त्या हेलात म्हणून बघा, बसतं.

फोनला कामाला लावा

फोन वाईट नाही, आपण त्याला चुकीचं काम देतो. वचन साठवायचं काम त्याला द्यायचं नाही. ऐकवणं, विचारणं आणि आठवण करून देणं ही तीन द्यायची.

ऐकवणं: ॲपमधला भारदस्त आवाज राहू द्या, मागे व्हायोलिन वाजतं आणि लक्ष तिकडे जातं. आपल्याच आवाजात उतारा रेकॉर्ड करा, प्रत्येक वचनानंतर तेवढीच मोकळी जागा सोडून. लोकलमध्ये किंवा एसटीत कानाला लावायचं, आणि मोकळ्या जागेत मनात म्हणायचं. आपला आवाज ऐकायला पहिले दोन दिवस लाज वाटते, तिसऱ्या दिवशी नाही.

विचारणं: कीबोर्डवरचं मराठी बोलून टाइप करायचं बटण दाबा आणि वचन म्हणा. फोन लिहीत जातो. मग मूळ वचनाशी ताडून बघा. गाळलेला शब्द लगेच दिसतो. फोनची स्वतःची चूक कोणती आणि तुमची कोणती हे एवढं ओळखावं लागतं. त्याला "आकडी" ऐकू येत नाही, तो बहुतेक वेळा "आकडे" लिहितो.

आठवण: अलार्म लावा, पण घड्याळातल्या वेळेला नाही, रोज होणाऱ्या कामाला जोडून. माझं दूध तापायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात उजळणी होते. लॉक स्क्रीनवर वचनाचं सुंदर चित्र लावू नका. चार दिवसांत डोळा त्याला सरावतो आणि मग ते दिसतच नाही. त्याऐवजी वहीतल्या त्या पहिल्या अक्षरांचा फोटो लावा. फोन उघडताना दर वेळी थोडं आठवावं लागतं.

जपून ठेवायला दोन-चार उतारे जमल्यावर, अंकी हे ॲप बघा. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. एका बाजूला संदर्भ, दुसऱ्या बाजूला वचन, अशी पत्ती आपणच बनवायची. बरोबर आलं की ती पत्ती लांबच्या दिवशी विचारली जाते, चुकलं की लवकर. यामागची गोष्ट जुनी आहे. जर्मनीत एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये छापला: विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून उजळणी आधी लवकर लवकर आणि मग लांब लांब. ॲपमध्ये रोजच्या नव्या पत्त्या आधीपासून २० ठरवलेल्या असतात. तो आकडा पहिल्याच दिवशी १ करा, नाहीतर पंधरा दिवसांत उजळणीचा डोंगर होतो आणि माणूस ॲपच काढून टाकतो. ज्यांना हे नको त्यांनी बुटाचा खोका घ्यावा, पुठ्ठ्याने पाच कप्पे करावेत आणि कागदाच्या चिठ्ठ्या रोज, आठवड्याने, महिन्याने अशा पुढे सरकवाव्यात. काम तेच होतं.

सलग किती दिवस झाले ते मोजणाऱ्या आकड्यापासून मात्र सांभाळून. माझे एकदा दोनशेच्या वर दिवस झाले होते, कारण मी रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना ॲप उघडून बंद करत होतो. त्या दोनशे दिवसांत पाठ एकही उतारा झाला नाही.

आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रावरून कधीच पाठ करू नका. एकदा सकाळी आलेलं गुलाबाच्या फुलाचं वचन मी पाठ केलं आणि सभेत म्हणालोही. एका वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "अध्याय कोणता, बाळा?" संदर्भ छापला होता त्या जागी दुसरंच वचन निघालं. "जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो" हेही पुष्कळांना बायबलातलं वाटतं. नाहीये. शोधून बघा.

कोणाला तरी म्हणून दाखवा

आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या रविवारी, पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्या आणि सहाही वचनं म्हणा. बायकोला, मुलाला, मंडळीतल्या मित्राला. ऐकणाऱ्याने मध्ये सुचवायचं नाही, चुकलेल्या जागी फक्त पेन्सिलीने टिंब करायचं. एकट्याने म्हणताना आपण चुकीवरून अलगद पुढे जातो, समोर माणूस असला की जात नाही.

पाठांतर स्पर्धेचा वेग इथे आणू नका. आमच्याकडे मुलं तेविसावं स्तोत्र वीस सेकंदांत म्हणतात, आणि मध्ये थांबवून "काठोकाठ म्हणजे काय" विचारलं की परत पहिल्यापासून सुरू करतात.

नातवंडं दुबईत किंवा अमेरिकेत, देवनागरी वाचता येत नाही, अशी घरं आता प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांना कानाने शिकवता येतं, व्हिडिओ कॉलवर. फक्त एकत्र म्हणायला जाऊ नका. आवाज मागे-पुढे पोहोचतो आणि दोघंही अडखळतात. एक वचन आजीने, एक नातवाने, असं आळीपाळीने म्हणा. दुसऱ्या दिवशी वाटण्या उलट करायच्या. उच्चार वाकडा आला तरी पहिल्या आठवड्यात टोकू नका. "मेंढपाळ"चा "मेंडपाल" नंतर सुधारता येतो.

विसरलात तर

विसरणारच. पहिल्यापासून सुरू करू नका, ती सवय लागली की पहिली दोन वचनं लोखंडासारखी आणि शेवटची दोन कायम लुळी राहतात. कुठे अडलात ते बघा. तो सांधा असेल. त्याच्या आधीच्या वचनाचे शेवटचे चार शब्द आणि पुढच्याचे पहिले चार एवढंच दहा वेळा म्हणा. तेविसाव्यात हा तुकडा "…नीतिमार्गांनी चालवतो. मृत्युच्छायेच्या दरीतूनही…" असा येतो. नीतिमार्ग आणि लगेच दरी. विचित्र जोड आहे, आणि विचित्र म्हणूनच लक्षात राहते.

महिनाभर तेविसावं टिकलं की पुढचं घ्या, स्तोत्र १२१. आठ वचनं. तिथेही बोलणारा मध्येच बदलतो: सुरुवातीला "मी" डोंगरांकडे बघतोय, आणि थोड्याच वेळात कोणीतरी "तुझा पाय" म्हणून त्याच्याशी बोलायला लागतं. नेमक्या कुठल्या वचनावर, ते वहीत पहिलं अक्षर लिहिण्याआधी शोधून पेन्सिलीने खूण करा.